संघटनेतील सत्ता : पद आणि अवलंबन (मराठी राज्यसंस्थेच्या संदर्भात)

माणसे एकत्र येऊन कार्य हाती घेतात तेव्हा कामाची वाटणी अटळ ठरते. वाटणीतून परस्परावलंबन निर्माण होते. मात्र ते सर्वांचे सारखे नसते. संघटनेतील सत्तेचे मूळ या विषमतेत आहे. मॅक्स वेबर यांनी सत्ता आणि अधिमान्य अधिकार यांत भेद केला, तर रिचर्ड इमर्सन यांनी १९६२ मध्ये एकाची सत्ता म्हणजे दुसऱ्याचे त्याच्यावरील अवलंबन, अशी मांडणी केली. मराठी राज्यसंस्थेच्या इतिहासात या विचाराचा प्रत्यय येतो.

१६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधान मंडळाला निश्चित रूप दिले. पदे वंशपरंपरागत नसावीत आणि वेतन रोख असावे, हे त्यांचे धोरण होते. त्यामुळे प्रधान छत्रपतींवर अवलंबून राहिले. १६८९ नंतर राजाराम महाराजांना मोगली आक्रमणाशी झुंजताना सरदारांना सरंजाम द्यावे लागले आणि अवलंबनाची दिशा पालटली.

१७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणले आणि १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. १७२० मध्ये पद त्यांच्या पुत्राकडे, पहिल्या बाजीरावाकडे गेले. १७५० च्या सांगोला करारानंतर राज्यकारभाराची सूत्रे पुण्यात स्थिरावली. तरीही पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत राहिली. अधिकाराचा उगम एकीकडे आणि सत्तेचे केंद्र दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

पुढे हाच न्याय पेशव्यांनाही लागू झाला. १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने बारभाईंनी कारभार चालविला आणि कालांतराने तो नाना फडणीसांच्या हाती एकवटला. फडणीस हा मुळात हिशेबाचा अधिकारी. परंतु जमाखर्च, दप्तर आणि पत्रव्यवहार ज्याच्या हाती, त्याच्यावाचून निर्णय अडू लागले. १८०० मध्ये नाना निवर्तले, तेव्हा त्यांचे पद दुसऱ्यास देता येण्याजोगे होते. त्यांची सत्ता नव्हे. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने इंग्रजांचा आश्रय घेतला.

सारांश, संघटना आहे तेथे सत्ता राहणारच. कारण तिचा उगम व्यक्तीच्या लोभाआधी कामाच्या रचनेत असतो. म्हणून सत्ता नाहीशी कशी करावी, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. ती पदाच्या मर्यादेत आणि उत्तरदायित्वाच्या कक्षेत कशी राहील, हाच खरा प्रश्न होय.