क्रियात्मक विवर्धक
दोन आदान अग्रांवरील विद्युत् दाबांतील फरक अनेक पटींनी वाढवून प्रदान अग्रावर देणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. बेरीज, वजाबाकी, समाकलन इ. गणितीय क्रिया करण्यासाठी सदृश संगणकात त्याचा उपयोग होत असल्यामुळे हे नाव रूढ झाले.

या विवर्धकाचा पाया हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९२७ साली घातला. प्रदानाचा काही अंश आदानाकडे उलट दिशेने परत दिल्यास (ऋण पुनःप्रदाय) विवर्धन घटते; पण ते नलिकेच्या बदलत्या गुणधर्मांऐवजी बाहेरील रोधकांच्या गुणोत्तराने ठरते, असे त्यांनी दाखविले. त्याच संस्थेतील कार्ल स्वॉर्टझेल यांच्या विवर्धकाचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांच्या नेमनियंत्रकात झाला. जॉन रागाझीनी व त्यांचे सहकारी यांच्या १९४७ मधील निबंधाने प्रस्तुत संज्ञा प्रचारात आणली. पुढे रॉबर्ट विडलर यांचे ७०९ (१९६५) व डेव्हिड फुलागर यांचे ७४१ (१९६८) या संकलित मंडलांमुळे हा विवर्धक स्वस्त व सर्वसुलभ झाला.

सूक्ष्मनियंत्रक १९७४ मध्ये बाजारात आले आणि क्षीण संदेशांच्या विवर्धनास नवे महत्त्व प्राप्त झाले. ५ व्होल्टचे १,०२४ भाग करणाऱ्या अंकीय परिवर्तकाची एक पायरी सु. ४.९ मिलिव्होल्ट असते. त्वचेवर मिळणारा हृदयाचा सु. १ मिलिव्होल्टचा संदेश तिच्याखालीच लोपतो. तो १,००० पट वाढविल्यास सु. २०० पायऱ्या व्यापतो.

हे काम एकाच विवर्धकाकडून करून घेता येते. परंतु ७४१ मध्ये विवर्धन व पट्टरुंदी यांचा गुणाकार सु. १० लाख हर्ट्‌झ असल्याने १,००० पट विवर्धनास केवळ १,००० हर्ट्‌झ पट्टरुंदी उरते. सु. ३२ पटींचे दोन टप्पे एकापुढे एक जोडल्यास एकूण विवर्धन तेवढेच राहून पट्टरुंदी सु. २०,००० हर्ट्‌झ होते. मात्र पहिल्या टप्प्यातील दोषही संदेशाबरोबरच वाढतात. तेथील १ मिलिव्होल्टचा दाबदोष शेवटी १ व्होल्ट होतो, म्हणजे हृदयाच्या संदेशाइतकाच. म्हणून पहिला विवर्धक अल्प दोषाचा व अल्प गोंगाटाचा निवडतात आणि संदेश स्थिर स्वरूपाचा नसेल, तर टप्प्यांमध्ये धारित्र घालून स्थिर दाब अडवितात.

एकविसाव्या शतकात काही सूक्ष्मनियंत्रकांच्या चकतीवरच असे विवर्धक बसविण्यात आले. तथापि पहिल्या टप्प्यात संदेशात मिसळलेला गोंगाट पुढील कोणताही विवर्धक वेगळा काढू शकत नाही, ही मर्यादा तेथेही कायम आहे.