चित्रपुस्तके, पूर्व आशियाई अस्मितेची
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या चिनी, जपानी, कोरियन आदी कुटुंबांतील बालकांना आपले रूप, नाव व कुलपरंपरा यांविषयी संकोच न वाटता अभिमान वाटावा, या हेतूने रचलेले सचित्र बालवाङ्मय. ‘द फाइव्ह चायनीज ब्रदर्स’ (१९३८) या लोकप्रिय पुस्तकातील पाचही भाऊ पिवळ्या वर्णाचे व परस्परांहून वेगळे ओळखू न येणारे रंगविले होते. अशा ठोकळेबाज चित्रणाला या प्रवाहाने विधायक उत्तर दिले. जपानमधून अमेरिकेत आलेले चित्रकार तारो याशिमा यांचे ‘क्रो बॉय’ (१९५५) हे त्याचे पूर्वरूप होय : सहाध्यायांनी उपेक्षिलेला, तरीही शाळेतील हजेरी कधी न चुकविणारा खेडवळ मुलगा एका सहृदय शिक्षकामुळे स्वतःच्या गुणांसह सर्वांच्या आदरास पात्र ठरतो. यांगसूक चोई यांच्या ‘द नेम जार’मध्ये (२००१) वर्गमित्रांनी बरणीत टाकलेल्या परक्या नावांना नकार देऊन कोरियन बालिका आपलेच नाव कायम ठेवते, तर जोअ‍ॅना हो यांच्या ‘आइज दॅट किस इन द कॉर्नर्स’मधील (२०२१) मुलीला मैत्रिणींहून निराळे असलेले आपले डोळे आई, आजी व धाकटी बहीण यांच्या मुखांवर दिसतात आणि त्यांतील सौंदर्य उमगते. याच प्रवाहातील अँड्रिया वांग यांच्या ‘वॉटरक्रेस’च्या चित्रांबद्दल जेसन चिन यांना बालचित्रपुस्तकांसाठीचे २०२२ चे कॅल्डेकॉट पदक लाभले. भेदाला न्यूनत्व न मानण्याचा संस्कार बालवयातच रुजविणारे हे वाङ्मय सर्वच समाजांतील मुलांच्या हाती देण्याजोगे आहे.