स्थानिक उमेदवार (विधानसभा निवडणूक)

विधानसभेच्या ज्या मतदारसंघातून निवडणूक लढवायची, त्याच मतदारसंघात वास्तव्य असलेल्या उमेदवारास प्रचलित राजकीय भाषेत स्थानिक उमेदवार म्हणतात. वृत्तपत्रांतून व प्रचारसभांतून याच अर्थाने 'भूमिपुत्र' हा शब्द वापरला जातो. त्याउलट अन्य ठिकाणाहून आलेल्यास 'बाहेरचा', 'उपरा' किंवा अधिक बोचऱ्या भाषेत 'पार्सल' म्हटले जाते. भारतीय निवडणूक कायद्यात मात्र यांपैकी एकही संज्ञा नाही. विधानसभेचा उमेदवार त्या मतदारसंघाचा रहिवासी असावा, अशी अट कायदा घालत नाही. ही अपेक्षा मतदारांची आहे, आणि तिचे राजकीय महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

कायदेशीर तरतुदी

राज्यघटनेच्या १७३ व्या अनुच्छेदानुसार विधानसभेचा उमेदवार भारताचा नागरिक व किमान २५ वर्षे वयाचा असावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ५ यात आणखी एका अटीची भर घालते : उमेदवार त्या राज्यातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. म्हणजे गडचिरोलीच्या मतदारयादीत नाव असलेली व्यक्ती सावंतवाडीतून उभी राहू शकते. बेळगावच्या यादीत नाव असलेली व्यक्ती मात्र शेजारच्या चंदगडमधून उभी राहू शकत नाही, कारण मध्ये राज्याची सीमा येते. अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव असलेल्या जागांवरही हेच तत्त्व लागू आहे. तेथे उमेदवार त्या राज्यातील संबंधित प्रवर्गाचा असावा लागतो, त्या मतदारसंघाचा असण्याची गरज नाही.

लोकसभेसाठी ही मर्यादा आणखी सैल असून देशातील बहुतेक मतदारसंघांच्या बाबतीत भारतातील कोठलाही मतदार उमेदवार होऊ शकतो. राज्यसभेच्या उमेदवाराने संबंधित राज्याचा मतदार असण्याची अट २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. कुलदीप नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. ग्रामपंचायतीत नेमके उलट आहे. महाराष्ट्रात त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव नसलेल्याला सदस्यपदाची निवडणूक लढवता येत नाही. सभागृह जितके गावाजवळ, तितकी रहिवासाची अट कडक, असा हा क्रम आहे.

रहिवासी कोणास म्हणावे

मतदारयादीत नाव येण्यासाठी व्यक्ती त्या ठिकाणी 'सामान्यतः राहणारी' असावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० नुसार एखाद्या ठिकाणी केवळ स्वतःचे घर आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. तसेच काही काळ बाहेरगावी गेल्याने रहिवास संपतही नाही. आमदार-खासदार सभागृहाच्या कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिले, तर त्यांनाही हेच संरक्षण आहे. एका वेळी एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत नाव ठेवण्यास मनाई आहे. निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या नेत्याने मतदारसंघात घर घेतल्याच्या बातम्या येतात. त्या घराने प्रचाराला मदत होत असेल. उमेदवारीच्या पात्रतेशी त्याचा संबंध नसतो.

उमेदवारी अर्ज

अन्य मतदारसंघाचा मतदार असलेल्या उमेदवाराने आपल्या मूळ मतदारयादीची प्रत किंवा तिच्यातील नोंदीचा प्रमाणित उतारा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. अर्जावर सूचकाची सही लागते, आणि सूचक मात्र त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. अपक्षास व अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास दहा लागतात. स्थानिकत्वाचा कायद्यातील अंश एवढाच उरला आहे. बाहेरून आलेल्या उमेदवारालाही निदान एका स्थानिक मतदाराच्या सहीवाचून अर्ज भरता येत नाही.

अनामत रक्कम १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. १९९६ पूर्वी ही रक्कम अवघी २५० रुपये होती. हौशी उमेदवारांची गर्दी कमी करण्यासाठी ती वाढवण्यात आली, पण गावातल्या सामान्य कार्यकर्त्यालाही त्या वाढीची झळ बसलीच. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये, तर गोव्यात २८ लाख रुपये आहे. महाराष्ट्रातील एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार असतात. गोव्यात हा आकडा तीस हजारांच्या आसपास आहे, त्यामुळे तेथे घरोघर जाऊन प्रचार करणे एकट्यादुकट्या स्थानिक उमेदवारालाही शक्य होते.

छाननी व माघारीनंतर प्रसिद्ध होणाऱ्या अंतिम यादीत प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे पत्ता छापलेला असतो. मतदानयंत्रावरील मतपत्रिकेत नाव, छायाचित्र व चिन्ह असते, पत्ता नसतो.

सांगोला : एक उदाहरण

स्थानिक आमदार म्हणून महाराष्ट्रात सर्वाधिक उल्लेख होतो तो सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचा. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा त्यांनी याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत निवडून आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांनी त्यांना दोनशेहून कमी मतांनी हरवले, आणि १९९९ पासून २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुका देशमुखांनी जिंकल्या. १९७८ मधील पुरोगामी लोकशाही दलाच्या आणि १९९९ मधील विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. मंत्रिपद असो वा नसो, एसटीने प्रवास करणारा आमदार अशीच त्यांची ओळख राहिली. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे मूळ गाव मात्र सांगोला तालुक्यातील नव्हे. ते मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. सांगोल्यात त्यांनी वकिली केली आणि तेथेच ते स्थायिक झाले. ज्यांच्याइतका 'स्थानिक' आमदार दाखवणे कठीण, ते जन्माने दुसऱ्या तालुक्यातले होते, ही गोष्ट 'भूमिपुत्र' शब्दाचा अर्थ लावताना ध्यानात घेण्याजोगी आहे. दुष्काळी तालुक्यातील सूतगिरणी, पाण्याच्या योजनांसाठीचा पाठपुरावा आणि लोकांना सहज भेटता येणे, यांतून त्यांचे स्थानिकत्व उभे राहिले.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या लढतीही उद्बोधक आहेत. २०१९ मध्ये त्यांचे नातू अनिकेत देशमुख शहाजीबापू पाटील यांच्याकडून हजाराहून कमी मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी पाटील यांचा पराभव केला. पाटील हे सांगोला तालुक्यातीलच चिकमहूदचे. दोन्ही बाजू स्थानिक असल्याने 'आमचा माणूस' हा मुद्दा कोणाच्याच एकट्याच्या उपयोगाचा राहिला नाही, आणि वाद टेंभू-म्हैसाळच्या पाण्याचे श्रेय कोणाचे यासारख्या प्रश्नांवर गेला.

स्थानिक विरुद्ध बाहेरचा

कर्जत-जामखेडमध्ये २०१९ साली बारामतीच्या पवार घराण्यातील रोहित पवार यांनी तेथील मंत्री राम शिंदे यांना चाळीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. शिंदे हे जामखेड तालुक्यातील चौंडीचे. भूमिपुत्र हा त्यांच्या प्रचाराचा मुद्दा होता. २०२४ मध्ये याच दोघांत पुन्हा लढत झाली, तेव्हा पवारांचे मताधिक्य केवळ १,२४३ वर आले.

पुण्यातील कोथरूडमध्ये २०१९ साली भारतीय जनता पक्षाने विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांच्याऐवजी कोल्हापूर जिल्ह्यातील चंद्रकांत पाटील यांना उमेदवारी दिली. 'बाहेरचा उमेदवार नको' असे फलक त्या वेळी लागले. पाटील सुमारे पंचवीस हजार मतांनी निवडून आले, आणि २०२४ मध्ये त्यांचे मताधिक्य एक लाखाच्या पुढे गेले. पक्षाचा पाया भक्कम असलेल्या शहरी मतदारसंघात उमेदवाराचा पत्ता फारसा आड येत नाही, असे या निकालावरून दिसते. ग्रामीण भागाला हा निष्कर्ष सरसकट लावणे धाडसाचे ठरेल.

पुनर्रचना व आरक्षण यांमुळेही स्थानिक उमेदवार अडचणीत येतो. २००८ च्या पुनर्रचनेने अनेक मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, त्यामुळे काही नेत्यांचे गाव एका मतदारसंघात व कार्यकर्ते दुसऱ्यात अशी स्थिती झाली. महाराष्ट्रातील २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपला मतदारसंघ राखीव झाल्यास खुल्या प्रवर्गातील स्थानिक इच्छुकाला एक तर थांबावे लागते, नाही तर दुसरीकडे जाऊन 'बाहेरचा' व्हावे लागते.

अमेरिकेतील तरतूद

अमेरिकेच्या बहुतेक घटकराज्यांत विधिमंडळाच्या उमेदवारावर मतदारसंघातील रहिवासाचे बंधन असते. मिशिगन राज्याच्या घटनेनुसार सदस्य आपल्या मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. त्याने वास्तव्य बाहेर हलवल्यास ती जागा रिक्त होते. बेळगावात वाढलेले मराठी भाषक उद्योजक श्री ठाणेदार हे २०१८ मध्ये अॅन आर्बरमध्ये राहत असताना मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले व तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे ते डेट्रॉइटला राहावयास गेले आणि २०२० मध्ये तेथूनच राज्याच्या ११० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. २०२२ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर गेले. त्या सभागृहासाठी उमेदवार राज्याचा रहिवासी असला म्हणजे पुरते, मतदारसंघाचा असण्याची अट नाही.