ब-३ जीवनसत्त्वाच्या पूरक गोळ्या : सुरक्षितता आणि गुणवत्ता

नायसिन हे ब-गटातील तिसरे जीवनसत्त्व होय. अन्नातून ऊर्जा मिळविण्याच्या शरीरातील अनेक क्रियांना त्याची गरज असते. अलीकडे हेच जीवनसत्त्व आणि त्यापासून बनविलेली संयुगे ‘तारुण्य टिकविणारी’, ‘कोलेस्टेरॉल घटविणारी’ अशा विशेषणांसह बाजारात आली आहेत. परदेशी नोकरी करणारे नातेवाईक प्रेमाने या बाटल्या घरी आणतात आणि वडीलधारी मंडळी डॉक्टरांना न सांगता त्या घेऊ लागतात. ‘जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?’ असा समज सर्वत्र आढळतो. हा समज कितपत खरा आहे आणि बाटली हाती आल्यावर काय पाहावे, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

जीवनसत्त्वाची ओळख

नायसिनच्या अभावाने पेलाग्रा हा रोग होतो. त्वचेचा दाह, जुलाब आणि बुद्धिभ्रम ही त्याची तीन प्रमुख लक्षणे असून उपचार न झाल्यास रुग्ण दगावतो. स्पेनमधील वैद्य गास्पर कासाल यांनी १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने थैमान घातले. हा रोग संसर्गजन्य नसून निकृष्ट आहारामुळे होतो, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या संशोधनातून दाखवून दिले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधील अशाच विकारावर निकोटिनिक आम्ल गुणकारी ठरते हे सिद्ध केले. या नावामुळे तंबाखूतील निकोटिनशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘नायसिन’ हे नाव रूढ झाले.

दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला व ज्वारीतील ल्युसिन या घटकाकडे लक्ष वेधले. या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. तथापि ज्या घरात भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी वा कोंबडी असते, त्या घराला भाकरीची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर स्वतःही नायसिन तयार करते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून १ मिलिग्रॅम नायसिन मिळते.

सकस आहार घेणाऱ्या निरोगी माणसात आज ही कमतरता क्वचितच दिसते. मात्र दारूचे व्यसन जडलेले लोक, कुपोषित रुग्ण आणि क्षयरोगावर आयसोनायझिड हे औषध घेणारे काही रुग्ण यांना ती होऊ शकते. तिचे निदान व उपचार डॉक्टरांनीच करावयाचे असतात.

एक नाव, अनेक रूपे

बाटलीवर ‘ब-३’ एवढेच छापलेले असले तरी आत काय आहे हे वेगवेगळे असू शकते.

निकोटिनिक आम्ल : मूळ नायसिन. मोठ्या मात्रेत चेहरा लाल होणे, आग होणे हे परिणाम याचेच.

निकोटिनामाइड (नायसिनामाइड) : याने त्वचा लाल होत नाही आणि कोलेस्टेरॉलवरही याचा उपयोग होत नाही.

‘लाली न आणणारे’ नायसिन : बहुधा इनोसिटॉल हेक्सानिकोटिनेट. यातून निकोटिनिक आम्ल फारच थोडे सुटते.

निकोटिनामाइड रायबोसाइड व एनएमएन : शरीरातील एनएडी या द्रव्याची पातळी वाढविणारी संयुगे. यांपैकी पहिले जीवनसत्त्वाप्रमाणे कार्य करते, हे चार्ल्स ब्रेनर यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखविले. एनएडीची पातळी वाढते हे मानवी चाचण्यांत दिसले आहे. त्यामुळे आयुष्य वाढते किंवा वार्धक्य थांबते, हे माणसांत सिद्ध झालेले नाही.

मात्रेचा प्रश्न

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दररोज १४ व स्त्रीला ११ मिलिग्रॅम नायसिन पुरेसे असते. अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९८ मध्ये पूरक गोळ्या व समृद्ध केलेले अन्न यांतून घ्यावयाची प्रौढांची कमाल मर्यादा ३५ मिलिग्रॅम ठरविली. युरोपातील तज्ज्ञ समितीने रूपांनुसार फरक करून प्रौढांसाठी निकोटिनिक आम्लाची मर्यादा १० आणि निकोटिनामाइडची ९०० मिलिग्रॅम मानली. बाजारात मात्र ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात. म्हणजे एकच गोळी रोजच्या गरजेच्या पस्तीस ते पंचेचाळीस पट भरते. एवढ्या मात्रेत हा पदार्थ जीवनसत्त्व राहत नाही. तो औषधाप्रमाणे काम करतो, आणि औषधाप्रमाणेच अपायही करू शकतो.

अपाय कोणते?

निकोटिनिक आम्ल घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत चेहरा, मान व छाती लाल होणे, खाज व आग होणे हा सर्वपरिचित परिणाम आहे. तो बहुधा आपोआप शमतो, परंतु रक्तदाब उतरून चक्कर आल्यास वृद्ध व्यक्ती पडू शकते. लाली टाळण्यासाठी हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या. परंतु त्याच मोठ्या मात्रेत घेतल्यास यकृताला इजा होण्याची शक्यता अधिक असते. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही जाणवल्यास गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

याशिवाय मोठ्या मात्रेने रक्तातील साखर वाढते, युरिक आम्ल वाढून संधिवाताचा झटका येऊ शकतो आणि जठरव्रण बळावू शकतो. स्टॅटिन गटातील औषधांबरोबर घेतल्यास स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो.

‘पण कोलेस्टेरॉल तर उतरते ना?’ असा प्रश्न येईल. तो रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. नायसिनने रक्ततपासणीतील आकडे सुधारतात हे खरे. परंतु स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांना सोबत नायसिन देऊन अमेरिका व कॅनडात ३,४१४ रुग्णांवर केलेली चाचणी, लाभ दिसेना म्हणून २०११ मध्ये मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. पुढे २५,६७३ रुग्णांच्या आणखी मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. उलट मधुमेह, संसर्ग व रक्तस्राव यांचे प्रमाण वाढलेले आढळले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नायसिन व स्टॅटिन एकत्र असलेल्या गोळ्यांची मान्यता काढून घेतली. शरीरात नायसिन जादा झाल्यावर तयार होणाऱ्या काही द्रव्यांचा हृदयविकाराशी संबंध दिसतो, असेही २०२४ मधील एका संशोधनात आढळले. हा संबंध कार्यकारणाचा आहे काय, हे पुढील अभ्यासाने ठरेल.

निकोटिनामाइडची एक जमेची बाजूही नमूद केली पाहिजे. ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग आधी होऊन गेलेल्या ३८६ जणांवरील चाचणीत (२०१५) दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम दिल्याने अशा नव्या कर्करोगांचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले. हा उपचार विशिष्ट रुग्णांपुरता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालील होता. तो सर्वांना लागू होत नाही.

गुणवत्तेची पारख

१९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही लोकांना पाव खाल्ल्यावर अंगावर लाली व खाज उठली. तपास करता पिठात नायसिन प्रमाणाबाहेर मिसळले गेल्याचे निष्पन्न झाले. पदार्थ शुद्ध असूनही मोजमाप चुकले की अपाय होतो, हा यातील धडा होय. सबब, गोळीत लिहिले आहे तेवढेच आणि तेच आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक पदार्थांना विक्रीपूर्वी सरकारी मान्यता घ्यावी लागत नाही. ‘अमेरिकेहून आले’ एवढ्यावर विसंबणे म्हणूनच योग्य नाही. तेथील बाटलीवर यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या स्वतंत्र तपासणी संस्थेची खूण असल्यास घटक व प्रमाण यांविषयी काही खात्री मिळते. ती खूण पदार्थ गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. एनएमएनच्या बाबतीत तर तेथील प्रशासनाने २०२२ मध्ये तो पूरक पदार्थ म्हणून विकता येणार नाही अशी भूमिका घेतली आणि २०२५ मध्ये ती बदलली. युरोपीय संघाने निकोटिनामाइड रायबोसाइड क्लोराइडला २०२० मध्ये परवानगी देताना प्रौढांसाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

भारतात हे पदार्थ अन्नसुरक्षा कायदा, २००६ खाली येतात. खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. एफएसएसएआयचे बोधचिन्ह व १४ अंकी परवाना क्रमांक. आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता.
२. नायसिनचे नेमके रूप आणि प्रत्येक गोळीतील मिलिग्रॅम.
३. उत्पादनाची तारीख, मुदत व बॅच क्रमांक. झाकणाचे सील शाबूत असावे.
४. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही सूचना. तीच बाटली मधुमेह वा हृदयविकार बरा करण्याचा दावा करीत असेल, तर ती घेऊ नये.
५. साठवणीची सूचना. ओलावा व उष्णता यांपासून गोळ्या दूर ठेवाव्यात. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कोणी विशेष जपावे?

यकृताचे विकार, जठरव्रण, मधुमेह किंवा युरिक आम्लाचा त्रास असलेले, नियमित मद्यपान करणारे, रक्तदाब वा कोलेस्टेरॉलची औषधे घेणारे, तसेच गर्भवती व स्तनदा माता यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. बहुजीवनसत्त्वाची गोळी, ताकदीचे पेय व वेगळी ब-३ ची गोळी अशा तिन्हींतून मात्रा नकळत वाढत जाते, तिची बेरीज करावी. डॉक्टरांनी लिहून दिलेले नायसिन मात्र केवळ हा लेख वाचून परस्पर बंद करू नये.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे : घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाटात अशा बाटल्या असतील, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना त्या सर्व एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात आणि डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. कोणती ठेवावी व कोणती सोडावी, याचा निर्णय त्यांच्या तपासणीने व्हावा. नातेवाइकाने प्रेमाने आणलेली भेट नाकारणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु ती घेण्यापूर्वी विचारून घेतल्याने त्या प्रेमाचा अनादर होत नाही.