नकाशा बदलला, सर्किट तेच राहिलं

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा या धंद्यात वितरक नव्हताच. चित्रपट काढायचा दादासाहेब फाळक्यांनी आणि गावोगाव न्यायचाही त्यांनीच. सुरतेत पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, असं सांगतात. पाच-सहा तासांची नाटकं पाहणाऱ्या गावाला तासाभराचा खेळ तोकडा वाटत होता. फाळक्यांनी जाहिरातच बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! लोक आले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’ची मद्रासमधली कमाई नाण्यांच्या रूपात बैलगाडीतून न्यावी लागली, अशीही आठवण आहे.

फाळक्यांच्या आधीपासून तंबूवाले फिरत होतेच. अब्दुलअली युसुफअली हे त्यांतलं मोठं नाव. १९०१ पासून त्यांनी सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश पालथे घातले आणि १९०८ नंतर हिंदुस्थानात तंबू ठोकले. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबूत हजारेक माणसं बसत. १९१४ मध्ये हा माणूस मुंबईत थिएटरवाला झाला आणि १९३१ मध्ये त्यांच्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला.

बोलपटांबरोबर खर्च वाढला. देशभर स्वतः हिंडणं निर्मात्याच्या आवाक्यात राहिलं नाही. मग एकेका मुलखाचे हक्क विकत घेणारे वितरक पुढे आले आणि देशाची सर्किटं पडली. त्यांच्या सीमा इंग्रजी अमलाच्या होत्या, आणि त्या काळी ते सोयीचंही होतं. करमणूक कर प्रांतागणिक वेगळा, सेन्सॉर मंडळं वेगळी, आणि निजामाच्या राज्यात तर चलन आणि जकातसुद्धा निराळी. वितरक निर्मात्याला ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणून ठरावीक रक्कम आधी मोजायचा आणि आपल्या हद्दीत काही वर्षं चित्रपट चालवायचा. आपटला तर तोटा त्याचा.

या व्यवस्थेची गावं आजही ओळखता येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरची नाझ इमारत म्हणजे वितरकांचं मोहोळ. सी. पी. बेरार म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं सर्किट; त्याचा कारभार अमरावतीतून चाले, तर सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्यालय भुसावळला. भुसावळ आणि सिनेमा ही जोडी आज नवी वाटेल, पण भुसावळ रेल्वेचं जंक्शन, आणि तेव्हा चित्रपट रेल्वेच्या पार्सलनं प्रवास करायचा. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. अडीच तासांच्या चित्रपटाचा ऐवज पत्र्याच्या जड पेट्यांतून निघायचा, आणि पेटी चुकली की खेळ बुडाला. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच काढत. त्या आधी शहरात चालत, मग तालुक्याला जात, आणि ओरखड्यांनी भरल्या की जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या वाट्याला येत. पाल, पुसेगाव, म्हसवड इथल्या यात्रांत ट्रकच्या मागच्या बाजूला प्रोजेक्टर बसवलेला असे, तिथून झोत तंबूतल्या पडद्यावर पडे. वितरकाचा शुक्रवार या तंबूंना लागू नव्हता. त्यांचं वेळापत्रक खंडोबाच्या आणि सिद्धनाथाच्या पंचांगावर ठरे.

मराठी चित्रपटाचं खरं नुकसान झालं ते सीमांमुळे. १ मे १९६० ला महाराष्ट्र एक झाला, पण वितरणाच्या वहीत तो तुकड्यांतच राहिला. पुणे-कोल्हापूर मुंबई सर्किटमध्ये, गोवा आणि बेळगाव-धारवाडही त्याच्यासोबत. विदर्भ मध्य प्रदेशाच्या मोठ्या भागासह सी. पी. बेरारमध्ये. मराठवाडा तेलंगणासह ‘निजाम’ सर्किटमध्ये. निजामाची सत्ता १९४८ मध्येच गेली होती, तरी नांदेड-परभणीचा प्रेक्षक त्याच्याच नावावर मोजला जात राहिला. हिंदी चित्रपटाला हे परवडतं, त्याला प्रत्येक सर्किटमध्ये गिऱ्हाईक आहे. मराठी चित्रपटाला मात्र निजाममध्ये फक्त मराठवाडा आणि सी. पी. बेरारमध्ये मुख्यतः विदर्भच मिळणार. अर्ध्यामुर्ध्या बाजारासाठी पैसे अडकवायला तिथला वितरक का धजावेल? कोल्हापुरात गाजलेलं चित्र बीडला पोहोचायला उशीर का होतो किंवा ते पोहोचतच का नाही, याचं उत्तर बहुतेकदा प्रेक्षकांच्या आवडीत शोधलं गेलं. ते या नकाशातही शोधायला हवं होतं.

२००५ नंतर चित्रपट उपग्रहावरून थेट थिएटरात उतरू लागले. पत्र्याच्या पेट्या गेल्या आणि काही वर्षांत प्रिंटचा खर्चही उरला नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ एकाच वेळी राज्यभर लागला आणि गावागावांतली थिएटरं भरली. तरी व्यापाराच्या आकडेवारीत ‘निजाम’ आणि ‘सी. पी. बेरार’ हे रकाने अजून आहेत. मराठी निर्मात्यांनी आणि त्यांच्या महामंडळानं मराठी चित्रपटांपुरता तरी महाराष्ट्र हा एकच रकाना धरावा, आणि प्रत्येक करारात तो तसाच लिहून घ्यावा.