घोस्ट मारण्याची कुळकथा

संगणक जोडून देणाऱ्या पोराला विचारा, एकाच कंपनीच्या दहा मशिनी आल्यात, किती दिवस लागतील? तो म्हणेल, ‘दिवस कशाला? एक तयार करतो, बाकीच्यांवर घोस्ट मारतो.’ बीडला विचारा, अंबाजोगाईला विचारा की माजलगावला, उत्तर याच चालीवर येतं. मूळचं नॉर्टन घोस्ट, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवणारं सॉफ्टवेअर, बाजारातून गेलं 2013 मध्ये. त्या पोराच्या हातातल्या पेनड्राइव्हवर आज बहुधा तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं, फुकट मिळणारं क्लोनझिला असतं. तरी तो मारतो घोस्टच, जशी विंडोज मारतो, फॉरमॅट मारतो.

घोस्टचा जन्म न्यूझीलंडमधला. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी 1995 मध्ये ते लिहिलं. ‘जनरल हार्डवेअर-ओरिएंटेड सिस्टिम ट्रान्सफर’ हे त्याचं पूर्ण नाव. आधी घोस्ट सुचलं असावं आणि मग अक्षरं भरली असावीत, असा माझा संशय. 1998 मध्ये सिमँटेकनं कंपनी विकत घेतली.

डिस्कची हुबेहूब नक्कल काढण्याची सोय त्याआधीही होती. युनिक्समधली डीडी ही आज्ञा 1970 च्या दशकातली. पण डीडीला डिस्कवर काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नाही. ती पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं उचलते, रिकामी जागासुद्धा. 40 जीबीच्या डिस्कवर 4 जीबीचाच मजकूर असला तरी ती 40 जीबी ओढत बसणार. बरं, नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही. बूट होण्याची व्यवस्था फायलींच्या बाहेर असते आणि चालू विंडोज स्वतःच्या कित्येक फायलींना हात लावू देत नाही. घोस्ट विंडोजच्या बाहेरून, डॉसमधून चालायचं. फाइल सिस्टिम त्याला वाचता यायची, म्हणून भरलेला भाग तेवढाच ते उचलायचं आणि वेगळ्या आकाराच्या डिस्कवरही नीट बसवायचं. 1998 च्या आवृत्तीत मल्टिकास्ट आलं: एकच प्रतिमा, म्हणजे फाइलीत साठवलेली डिस्कची नक्कल, नेटवर्कवरून एकाच वेळी सगळ्या मशिनींना.

मराठवाड्यात या युक्तीला खरं गिऱ्हाईक मिळालं ते एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ आणि त्याचा हा अभ्यासक्रम, दोन्ही 2001 चे. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक परीक्षा उत्तीर्ण व्हायला 31 डिसेंबर 2007 ची मुदत पडली. नाहीतर वेतनवाढ अडकणार. मग काय, ग्रामसेवक, गुरुजी, लिपिक सगळेच संध्याकाळी माउस धरायला आले. तालुक्याच्या गावी गाळ्यात सात-आठ मशिनी मांडून केंद्रं उघडली. बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, त्यामुळे हा सगळा माल टेम्पोनं आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेला. एका मशिनीवर एक्सपी, ऑफिस, ड्रायव्हर, अँटीव्हायरस चढवायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. त्यात भारनियमन. हातानं सातही मशिनी करायच्या तर दोन वेळच्या विजेत जेमतेम एक व्हायची. प्रतिमा तयार असली की एकेक डिस्क काही मिनिटांत. घोस्टची ती सीडीसुद्धा बहुधा कुणाच्या तरी सीडीची नक्कलच असायची, हे जाता जाता सांगून टाकतो.

आणि मराठी कचेरीत एक काम जास्तीचं होतं. एक्सपीमध्ये युनिकोड मराठी आपोआप दिसत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खुणेवर टिचकी मारायची, मग ते मूळ सीडी मागायचं, आणि सीडी नेमकी कुणीतरी घरी नेलेली. ही पायरी राहिली तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येई आणि जोडाक्षरं पाय मोडून पडत. युनिकोडच्या बाहेरचं जग निराळंच. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी. त्यांचे फाँट नसलेल्या मशिनीवर टंचाईचा अहवाल उघडला की इंग्रजी अक्षरांचा खकाणा. म्हणून जाणता माणूस पहिल्या मशिनीवर मराठीचं सगळं आधी लावून घ्यायचा, चार ओळी टंकून छापून बघायचा आणि मगच प्रतिमा काढायचा. संगणकावरचं मराठी बऱ्याच टेबलांवर पोचलं ते अशा एकाच मशिनीवर लावलेल्या सोयीतून, असं मला वाटतं. फक्त श्रीलिपीचं कुलूप, म्हणजे मशिनीच्या मागे खोचायचं ते डाँगल, घोस्टला कधी उचलता आलं नाही. सॉफ्टवेअर सातही मशिनींवर, कुलूप एकच, आणि ज्याच्याकडे कुलूप त्याच्या टेबलापाशी रांग.

घोस्टच्या पडद्यावर धडकी भरवणारी एक जागा होती. लोकल, डिस्क, टू डिस्क असं निवडलं की आधी सोर्स आणि मग डेस्टिनेशन विचारलं जाई. दोन्ही डिस्का एकाच मापाच्या, एकाच कंपनीच्या. उलट निवडलं तर कोऱ्या डिस्कची निगुतीनं नक्कल भरलेल्या डिस्कवर होणार, आणि शेवटी ‘क्लोन कम्प्लीटेड सक्सेसफुली’ हेही येणार. म्हणून मुरलेला माणूस दोन डिस्का जोडायचाच नाही. तो आधी प्रतिमेची फाइल करायचा आणि तीच सगळीकडे उतरवायचा.

नक्कल जितकी तंतोतंत, तितका पुढचा घोळ मोठा. सातही मशिनींचं नाव एक, ठरवून दिलेला असेल तर आयपी पत्ताही एक. चालू केल्या की नेटवर्कवर भांडण सुरू. नाव आणि पत्ता हातानं बदलता येतो. पण विंडोज एनटीपासून प्रत्येक मशिनीच्या पोटात एसआयडी नावाचा एक लांबलचक ओळख-क्रमांकही असतो, आणि घोस्ट तोही जसाच्या तसा उतरवतं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, प्रतिमा काढण्याआधी सिसप्रेप चालवा, म्हणजे मशीन आपली ओळख विसरते आणि प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना नवा क्रमांक घेते. सिसप्रेपचा कंटाळा असलेल्यांसाठी मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं न्यूएसआयडी होतं. नक्कल उतरवल्यानंतर क्रमांक बदलून देणारं. नोव्हेंबर 2009 मध्ये याच रसिनोविचनी लिहिलं की मशिनींचे एसआयडी सारखे असल्यानं प्रत्यक्षात काही बिघडत नाही, आणि न्यूएसआयडी मागे घेतलं. सिसप्रेप वापरत जा, हे त्यांनीही सांगितलं होतं. पण बिघडत नाही एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

पुढची सोळा वर्षं सिसप्रेपविना खपूनही गेलं. मग ऑगस्ट-सप्टेंबर 2025 च्या अपडेटांनी विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांमध्ये एसआयडीची तपासणी कडक केली. सारखा एसआयडी असलेल्या दोन मशिनी आता एकमेकींची ओळखच मानत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही सामायिक फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप नकार देतो. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, म्हणजे जुन्या मशिनी काढून नव्या मांडायचा हंगामही नेमका हाच. सारखा एसआयडी असलेल्या मशिनींवर मायक्रोसॉफ्टनं दिलेला कायमचा उपाय एकच: मान्य पद्धतीनं, म्हणजे सिसप्रेप करून, त्या पुन्हा उभ्या करा. तेव्हा क्रम असा ठेवावा: पहिल्या मशिनीवर मराठी कळफलक आणि प्रिंटर लावून घ्यायचे, एक पान छापून पाहायचं, मग सिसप्रेपमध्ये ‘जनरलाइझ’वर खूण करून मशीन बंद करायची आणि मध्ये एकदाही विंडोज सुरू न करता, थेट पेनड्राइव्हवरून उठवून घोस्ट मारायचा.