जुने कार्ड, नवे कार्ड



पनवेलचा मुलूख म्हणजे भाताचा मुलूख. आषाढात तिथे गेलात, तर गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायांची रांग दिसे. अजूनही कुठे कुठे दिसते. त्याच मुलखात, नवी मुंबईच्या कडेला, जुलै २०२० मध्ये योट्टा नावाच्या कंपनीचे एक प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. तिथे माणसे थोडी आणि यंत्रे फार. २०२४ साली या केंद्रात ‘एच-१००’ जातीची ग्राफिक्स कार्डे येऊ लागली.

ग्राफिक्स म्हणजे चित्रे. मग चित्रे काढणाऱ्या कार्डांसाठी एवढा पसारा कशाला? आणि जुने कार्ड व नवे कार्ड यांत फरक तरी किती? दुकानदार म्हणतो, “शेकडो पट, साहेब!” ते खरे मानायचे का? चला, आज याचा हिशेब करू. शिक्षकांनी हातात खडू घ्यावा. आकडे फळ्यावर मांडण्याजोगे आहेत.

गोष्ट सुरू होते ती आपल्या मुंबईतच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामास लावला. जुन्या रेडिओत असत तसे अडीच हजारांहून अधिक व्हॉल्व्ह त्यात होते. त्याला एक काचेचा पडदाही जोडला होता, आणि त्यावर आलेख व अक्षरे उमटत. म्हणजे यंत्राने पडद्यावर रेघ काढावी, ही गोष्ट आपल्याकडे काही कालपरवाची नव्हे.

पुढे १९८१ साली आयबीएमच्या घरगुती संगणकात रंगीत चित्रांचे कार्ड आले. त्याच्या चित्रात आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, म्हणजे ६४,००० ठिपके असत आणि रंग असत फक्त ४. आज साध्या पडद्यावरही १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. हलते चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा! संगणकाचा मुख्य मेंदू हुशार खरा, पण तो पडला मोजक्या हातांचा. एकटा हुशार शेतकरी दहा एकरांची लावणी कधी उरकणार? तिथे रांगच हवी. एकेकीचे काम साधे, पण सगळ्या एकाच वेळी वाकतात आणि खाचर भरून जाते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हीच लावणीची रांग.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले. ते खोलीचा भास देणारी चित्रे झरझर रंगवी, पण साध्या कामासाठी दुसरे कार्ड शेजारी लागेच. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीच्या ‘जीफोर्स २५६’ने वस्तू कुठे सरकली, तिच्यावर उजेड कसा पडला, हे हिशेबही मुख्य मेंदूकडून आपल्याकडे घेतले. २००६ साली त्याच कंपनीचे ‘८८०० जीटीएक्स’ आले आणि एक मोठी गोष्ट घडली. चित्राखेरीज इतर हिशेबही या रांगेकडून करून घेण्याची सोय झाली. पनवेलच्या कार्डांचे मूळ इथे आहे. ती मुख्यतः चित्रे काढण्यासाठी आणलेलीच नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे हिशेब करण्यासाठी ती आहेत.

आता तुलना. २००६ च्या त्या कार्डात हिशेब करणारे घटक होते १२८. २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ या कार्डात ते आहेत १६,३८४. मुलांना विचारा, या दोन आकड्यांचे नाते काय? १२८ चा वर्ग बरोबर १६,३८४! सेकंदाला एक लाख कोटी हिशेब म्हणजे एक टेराफ्लॉप. जुन्या कार्डाचा वेग जेमतेम एक तृतीयांश टेराफ्लॉप आणि नव्याचा ८२. म्हणजे सुमारे २४० पट. दुकानदार खोटे बोलला नाही, बरं का!

पण तो अर्धेच बोलला. भातगिरणी मोठी केली, तरी गाड्यांची वाट अरुंद असेल तर गिरणी रिकामी फिरते. कार्डाच्या स्मृतीतून हिशेबाच्या घटकांकडे जुन्या कार्डात सेकंदाला सुमारे ८६ गिगाबाइट माहिती जाई. नव्यात १,००८ गिगाबाइट जाते. म्हणजे वाट जेमतेम १२ पट रुंद झाली. ज्या कामात माहितीची ने-आण फार आणि हिशेब थोडा, तिथे २४० पट वेग मिळायचा नाही.

आणखी एक मेख आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. टाटा सन्सच्या कंपनीने तो उभारला होता आणि कसोटीत त्याचा वेग भरला ११७.९ टेराफ्लॉप. मग आजचे ८२ टेराफ्लॉपचे एक कार्ड म्हणजे जवळजवळ ‘एका’च झाले की! नाही. ‘एका’चे हिशेब होते पंधरा-सोळा अंकांपर्यंत अचूक, कार्डाचे ८२ टेराफ्लॉप आहेत सुमारे सात अंकी अचूकतेचे, आणि तेही कागदावरचे. ठिपक्याचा रंग केसभर चुकला तर डोळ्याला कळत नाही, म्हणून चित्राला सात अंक पुरतात. हवामानाच्या हिशेबात मात्र बारीक चुका साचत जातात. त्याच कार्डाला पंधरा अंकी हिशेब करायला सांगितले, तर वेग चौसष्टाव्या हिश्शावर येतो, म्हणजे १.३ टेराफ्लॉपच्या आसपास. ‘एका’च्या नव्वदाव्या हिश्शाएवढा! पनवेलच्या एच-१०० ची जात वेगळी. त्याचा अशा अचूक हिशेबाचा वेग ३४ टेराफ्लॉप सांगितला आहे.

राहिली वीज. २००६ च्या कार्डाला दीडशे वॅटच्या आसपास वीज लागे. ४०९० ला लागते ४५०. म्हणजे वीज तिप्पट आणि काम २४० पट. वॅटमागे काम ८० पट वाढले. ही प्रगती खरीच मानली पाहिजे. पण एच-१०० चे एकेक कार्ड ७०० वॅटपर्यंत वीज घेते. अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा अशी पाच कार्डे म्हणजे विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंपच जवळजवळ चालू ठेवला म्हणायचा, आणि केंद्रात कार्डे असतात हजारांनी. शिवाय त्यांना थंड ठेवण्याची वीज निराळी.

तात्पर्य काय? शाळेसाठी संगणक घ्यायचा असला, तर समितीचा पैसा गावाने कष्टाने जमवलेला असतो. तेव्हा दुकानदाराला चार प्रश्न विचारा. हा वेग कोणत्या अचूकतेचा? स्मृतीची वाट किती रुंद? वीज किती लागेल? आणि जुन्या कार्डाबद्दल एक प्रश्न विसरू नका : कंपनी त्याला लागणारे सॉफ्टवेअर अजून पुरवते का? कारण ती साथ सुटली, की धडधाकट कार्डही निकामी ठरते. मुलांना अक्षरे टंकायला, नकाशे बघायला, धड्याचे चित्रपट पाहायला महागडे कार्ड लागत नाही.

चार काकऱ्यांच्या परसाला कोणी ट्रॅक्टर आणत नाही. आधी शेत मोजावे, मग औत ठरवावे. कार्डाचेही तसेच आहे.